‘छोट्या धंद्याला हॅकर हात लावत नाही’ म्हणे!

उद्यमनगरात माझ्या दाजींचे टर्निंगचे वर्कशॉप आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी ऑफिसातील संगणकाचे विंडोज अपडेट बंद करून टाकले, कारण व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसा मेसेज फिरत आहे. छोट्या धंद्याला हॅकर हात लावत नाही, अपडेट बंद ठेवा, बॅकअपचा पेनड्राइव्ह कायम लावून ठेवा आणि पैसे गेलेच तर बँक भरून देते, असे त्यात बिनदिक्कत लिहिले आहे.

पहिला दावा हल्ला करणारा माणूस गिऱ्हाईक निवडत बसतो, या समजुतीवर उभा आहे. 12 मे 2017 रोजी पसरू लागलेल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने कोणाची उलाढाल विचारली नव्हती. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधील एक त्रुटी जिथे उघडी असेल तो संगणक तो आपणच हुडकत असे, त्यात शिरून फायलींना कुलूप घालत असे, 300 डॉलरचे बिटकॉइन मागत असे आणि तिथूनच पुढचा संगणक शोधत असे. दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. संताप येतो तो याचा, की ही त्रुटी बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी, दिले होते. दाजींनी बंद केले ते नेमके हेच दार राखणारे काम.

अपडेट ऐन घाईत संगणक अडवून धरते, ही तक्रार मात्र खरी आहे. जीएसटीआर-1 हे विक्रीचे विवरणपत्र भरायच्या 11 तारखेला पडदा टक्के मोजत बसला, की तोंडात शिवी येते, हे मान्य. त्यासाठी विंडोजच्या ‘ॲक्टिव्ह अवर्स’ या सेटिंगमध्ये कामाची वेळ घालून द्यावी, त्या वेळात अपडेटसाठी संगणक आपणहून रीस्टार्ट होत नाही.

दाजींचा पेनड्राइव्ह सीपीयूच्या मागे तेलकट धुळीत दोन वर्षे तसाच खोचलेला आहे. वॉनाक्राय जोडलेल्या ड्राइव्हलाही सोडत नसे, म्हणजे मूळ हिशेब आणि त्याची नक्कल एकदमच गेली असती. कॉपी झाली की तो काढून घरी न्यावा, एवढे सोपे आहे.

राहिली बँक. ग्राहकाने पिन किंवा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती दिल्यामुळे झालेले नुकसान, बँकेला कळवेपर्यंत, ग्राहकानेच सोसायचे, असे रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात आहे. म्हणून पैसे गेल्याचे दिसताच बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. दाजींचा नेटबँकिंगचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला होता. काल ती चिठ्ठी मी काढली, तर तिच्याखाली जीएसटी पोर्टलची निघाली.