जिंजरला गाळू नका

‘ब्लॅक ब्यूटी’ ही ब्यूटी नावाच्या घोड्याने स्वतः सांगितलेली इंग्रजी कादंबरी वर्गात घेताना त्याची मैत्रीण जिंजर या घोडीच्या मरणाचं प्रकरण वगळावं, मुलं हळवी होतात, हे एका लेखातलं मत अजिबात पटलं नाही. गाडीत टाकलेली ती मेलेली घोडी जिंजरच असावी, म्हणजे बिचारी सुटली, असं ब्यूटीला वाटतं. एरवी इंग्रजीच्या तासाला तोंड न उघडणारी माझी मुलं नेमकी तिथे बोलायला लागली. दोष गाडीवानाचा की मालकाचा, यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत चक्क भांडली. काळ-बिळ चुकले, चुकू देत!

आणि अ‍ॅना स्यूएलने १८७७ साली आलेलं हे पुस्तक मुळात मुलांसाठी नव्हे, घोडे सांभाळणाऱ्यांसाठी लिहिलं. ऐटीखातर घोड्याची मान वर आवळून धरणाऱ्या लगामाचा जाच त्यात घोडाच सांगतो. संक्षिप्त आवृत्ती निवडताना निदान एवढं शाबूत आहे का, ते बघा.