केबनेकाइसे अपघात: ‘वैमानिकांना पाठीशी घालता’ या आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं असं की नॉर्वेच्या हवाई दलाच्या, स्वीडनमध्ये डोंगरावर आदळलेल्या हर्क्युलस या मालवाहू विमानाबद्दल लिहिताना मी वैमानिकांना पाठीशी घातलं. व्यवस्थेवर खापर फोडलं की सगळेच जबाबदार, आणि सगळे जबाबदार म्हणजे कोणीच नाही. शिवाय ‘नवं विमान, अनुभवी माणसं, मग एवढा मोठा डोंगर दिसला नाही?’ हा प्रश्न.

आधी या प्रश्नाचं बघू, कारण सगळं त्यातच आहे. १५ मार्च २०१२, ‘कोल्ड रिस्पॉन्स’ हा युद्धसराव चालू होता. विमान उत्तर नॉर्वेतल्या एव्हेनेसहून स्वीडनमधल्या किरुनाला निघालं होतं. दुपारी १.४० ला उड्डाण, मग तासभर हवेतच घिरट्या, आणि नंतर पूर्वेला. हवा वाईट होती. त्या भागात नियंत्रित हवाई क्षेत्राची, म्हणजे नियंत्रकांच्या परवानगीने उडायच्या पट्ट्याची, खालची मर्यादा होती फ्लाइट लेव्हल १२५, म्हणजे सुमारे १२,५०० फूट. स्वीडिश हवाई वाहतूक नियंत्रकाने विमानाला १०० पर्यंत उतरायची परवानगी दिली, पुढे किरुनाच्या टॉवरने ७० पर्यंत. म्हणजे मिळालेली परवानगी तंतोतंत पाळत विमान नियंत्रित क्षेत्राच्या खाली गेलं, आणि समोर होता स्वीडनमधला सर्वांत उंच डोंगर, केबनेकाइसे.

आता आकडे बघा. केबनेकाइसे सुमारे २१०० मीटर उंच. फ्लाइट लेव्हल ७० म्हणजे ७००० फूट, साधारण २१३० मीटर. पण ही पातळी एका ठरावीक प्रमाण दाबावरून मोजतात. प्रत्यक्ष हवेचा दाब त्याहून कमी असेल, तर उंचीमापक ७००० दाखवत असतानाही विमान खाली असतं. २.५७ ला ते समतल उडत असताना उत्तर आणि दक्षिण शिखरांमधल्या कड्यावर आदळलं, २०१४ मीटरवर. पाचही जण गेले.

जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा विमानात होती. ती ‘टॅक्टिकल’ सेटिंगवर होती. कमी उंचीवरून उडताना सारखे इशारे वाजू नयेत म्हणून हे सेटिंग असतं. डोंगराची चढण अशी होती की त्या सेटिंगचे निकष पूर्ण झालेच नाहीत, आणि कॉकपिटमध्ये इशारा वाजला नाही.

मग वैमानिक निर्दोष? नाही, आणि तसं मी लिहिलेलंही नाही. स्वीडनच्या अपघात चौकशी आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये अहवाल दिला. परवानग्यांमधल्या उणिवा आणि त्या पाळण्यातला धोका वैमानिकांच्या लक्षात आला नाही, हेच त्यात कारण म्हणून दिलं आहे. पण आयोग तिथे थांबला नाही. मार्गावरच्या किमान सुरक्षित उंचीखाली विमान जाऊ नये यासाठी पुरेशी पक्की कार्यपद्धती नॉर्वेच्या हवाई दलाने वैमानिकांना दिली नव्हती. आणि वैमानिकाने स्वतः मागितल्याशिवाय नियंत्रित क्षेत्राबाहेरची परवानगी द्यायची नाही, याची पक्की घडी स्वीडनच्या हवाई वाहतूक सेवेने बसवली नव्हती. ‘सगळे म्हणजे कोणीच नाही’ हे तुमचं म्हणणं मला इथे लागू वाटत नाही. दोन संस्था, दोघींचं नाव घेऊन सांगितलेलं काम. उद्या त्यांना विचारता येतं की ते केलंत का. गेलेल्या पाच जणांना काहीच विचारता येत नाही.

आणि दोष जिथे कॉकपिटचाच आहे तिथे मी तो कॉकपिटलाच देतो. ३ फेब्रुवारी १९९८ ला इटलीत कावालेसेजवळ अमेरिकी मरीन दलाचं सरावावरचं विमान, किमान २००० फुटांचा नियम मोडून, दरीत इतकं खाली उडत होतं की केबल कारची तारच तुटली. २० माणसं मेली. नकाशावर ती तार नव्हती हे खरं, पण उंचीचा नियम पाळला असता तर तार नकाशावर नसल्याने काही बिघडलं नसतं. नंतर विमानातली व्हिडिओ टेपही नष्ट केली गेली. या दोन अपघातांना एकाच मापाने मोजणं मला पटत नाही.

राहिला तुमचा शेवटचा मुद्दा, की सैन्यातल्या माणसाने धोका पत्करलेलाच असतो. शत्रूच्या हद्दीत तो पत्करलेला असेल. हे विमान शेजारच्या देशात, नियंत्रकांशी बोलत, विमानतळावर उतरायला निघालं होतं. खाली उतरायला सांगणाऱ्या आवाजावर त्यांनी विश्वास ठेवला, याला मी धोका पत्करणं म्हणणार नाही.