उद्देशिका वाचताना घ्यावयाची काळजी

प्रजासत्ताक दिनी सोसायटीत झेंडावंदन असतं आणि ‘तुमचा आवाज चांगला आहे’ म्हणत संविधानाची उद्देशिका वाचायला तुम्हालाच पुढे ढकललं जातं. घाबरू नका. यंदा हा मान मला मिळाला होता. अनुभवाचे चार बोल देतो.

‘आम्ही, भारताचे लोक’ हे भरदार आवाजात म्हणा. पण ‘आम्ही’मध्ये कोण कोण आलंय हे बघायला मान वर करू नका. वॉचमन गेटवरच उभा असतो.

‘समाजवादी’, ‘धर्मनिरपेक्ष’ म्हणताना पहिल्या रांगेतले एक काका घसा खाकरतील. हे शब्द 1976 साली 42व्या घटनादुरुस्तीने घुसडले, हे त्यांना तोंडपाठ आहे. ‘एकात्मता’ही त्याच दुरुस्तीतली, ती त्यांना चालते. वाद नको, पुढे चला.

न्याय : सामाजिक, आर्थिक, राजनैतिक. एका दमात उरका.

समानता म्हणजे सगळ्यांना सारखा मेंटेनन्स. खोलात शिरू नये.

आता ‘बंधुता’. हा शब्द फार नाजूक, जपून उच्चारा. नेहरूंनी 13 डिसेंबर 1946 रोजी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात तो नव्हताच. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने तो मुद्दाम घातला. 25 नोव्हेंबर 1949च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलंही, की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य हे नुसते रंगाचे हात ठरतील. आमच्या सोसायटीला रंगाचं भारी वेड. बाहेरून तीन हात दिलेत.

तर मी वाचलं, टाळ्या पडल्या, जिलेबी आली. डिश घेऊन मी लिफ्टमध्ये शिरलो, मागोमाग आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी. तेवढ्यात कमिटीतले एक सद्गृहस्थ आडवे आले. ‘मावशी, तुमची लिफ्ट मागे.’ मागची लिफ्ट तीन आठवडे बंद आहे, हे त्यांना माहीत, मावशींना माहीत, मला माहीत. ‘मग जिना आहे की!’ सातवा मजला. मावशींचे गुडघे. छातीवर तिरंग्याचा बिल्ला लावलेला माणूस हे बोलतोय आणि मी काय करतोय? मी बटण दाबलं. वर पोचेपर्यंत जिलेबी संपली होती.

अरे, कसली सूचना आणि कसली काळजी! लाजा वाटायला हव्यात आपल्याला. अनुच्छेद 17 अस्पृश्यता ‘कोणत्याही स्वरूपात’ पाळायला बंदी करतो. स्वरूप म्हणजे गावातली विहीरच असते का? ज्या हातची पोळी तुम्ही दोन वेळा गिळता, तो हात लिफ्टच्या बटणाला लागला की तुमचं स्टेनलेस स्टील विटाळतं? आणि वर जनरल बॉडीत ठराव करून याला ‘स्वच्छतेचा नियम’ म्हणता!

पुढच्या वर्षी तो कागद माझ्या हातात देऊ नका. मावशींना द्या. त्यांची नात शाळेच्या परिपाठात रोज उद्देशिका म्हणते. ऐकून ऐकून त्यांना ती पाठ झाली आहे.