बचावाचा प्रश्न लेखात राहून गेला

इंडियन सुपर लीग फुटबॉलमध्ये मुंबई सिटीविरुद्धच्या उपांत्य फेरीतील पराभवानंतर एफसी गोवाने नव्या हंगामासाठी सर्वप्रथम आघाडीपटू घ्यावा, हे लेखातील मत मला पटत नाही. २४ एप्रिल २०२४ रोजी फातोर्ड्याच्या स्टेडियममध्ये मी होतो. नव्वदाव्या मिनिटापर्यंत आपण २-० ने पुढे होतो आणि शेवटची शिटी वाजली तेव्हा ३-२ असे हरलो होतो. याच मैदानावर २०१५ च्या अंतिम सामन्यात चेन्नईयिनविरुद्धची २-१ ची आघाडीही अशीच अखेरच्या क्षणांत गेली होती, आणि ती सल अजून गेलेली नाही.

आपला मध्यबचावपटू संदेश झिंगन जानेवारीतील दुखापतीमुळे उर्वरित हंगामाला मुकला, याचा लेखात उल्लेखही नाही. आघाडीपटू नोआ सदावी संघ सोडून गेल्याची हळहळ मलाही आहे, तरीही पहिला खर्च अनुभवी मध्यबचावपटूवरच व्हायला हवा.