लिंटल दारावर संपते, तिथेच घर सुटते

"आपल्या इकडं कुठचा आला भूकंप, भाऊ?" घरकुलाच्या कामावर पट्टीचा, म्हणजे दारा-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना एकत्र बांधणाऱ्या काँक्रीटच्या पट्टीचा, विषय काढला की विदर्भातल्या बहुतेक गावांत हेच ऐकायला मिळते. बोलणाऱ्याचा दोष नाही. आपला बराचसा भाग नकाशावर कमी धोक्याच्या पट्ट्यात राहत आला आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा तो भागही नकाशावर सगळ्यात कमी धोक्याचाच होता. ६.२ तीव्रतेच्या धक्क्यात जवळपास दहा हजार माणसे गेली.

आता २०१० कडे पाहा. जानेवारीत हैतीमध्ये ७.० चा भूकंप झाला आणि एक लाखाहून जास्त माणसे मेली. फेब्रुवारीत चिलीमध्ये ८.८ चा झाला. त्याची ऊर्जा हैतीच्या सुमारे पाचशे पट होती, आणि मृत्यू सव्वापाचशेच्या आसपास. "गरीब देश, म्हणून मेले" एवढे म्हणून हा विषय सोडून देणे मला पटत नाही. गरिबी नेमकी भिंतीत कुठून शिरते, ते पाहिले पाहिजे.

गरीब माणूस घर बांधतो ते दरवर्षी दारात येणाऱ्या संकटाला डोळ्यासमोर ठेवून. हैतीत दरवर्षी चक्रीवादळांची भीती, म्हणून छप्पर उडू नये यासाठी जड काँक्रीटचा स्लॅब, आणि खाली पोकळ ब्लॉकच्या कमजोर भिंती. तिथल्या राजधानीच्या भागात मोठा भूकंप त्याआधी १७७० साली झाला होता. तो आठवणार कोणाला? चिलीत मात्र प्रत्येक पिढी एखादा तरी मोठा धक्का पाहते. शिवाय इमारतीच्या ढाच्यात दोष निघाला तर बांधून विकणाऱ्यावर दहा वर्षे कायद्याने जबाबदारी राहते. नुसता नियम असून भागत नाही. तुर्कस्तानात नियम चांगले होते, पण विनापरवाना बांधकामे वेळोवेळी माफीने नियमित झाली. २०२३ मध्ये त्या देशात पन्नास हजारांवर माणसे गेली.

किल्लारीच्या बाजूला दरवर्षीचे संकट म्हणजे ऊन. म्हणून दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे माळवद, म्हणजे सपाट छत. पाऊस गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर नवा थर. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती असेल, तर दीडशे घनफूट झाली, म्हणजे सहा-सात टन. त्याच खोलीवर पत्रे टाकले तर पन्नास-साठ किलोत काम होते. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर सात टन! आणि माती कोसळली की विटांच्या ढिगात राहते तशी हवेची पोकळी राहत नाही. माणूस गुदमरतो.

भिंतही एकसंध नव्हती. बाहेरून एक दगडी फळी, आतून दुसरी, मध्ये कपऱ्या आणि माती भरलेली. हादरा बसला की मधली माती खाली दबते, पाचरीसारखी दोन्ही फळ्यांना ढकलते, भिंतीला पोट येते आणि ती फुटते. दोन्ही फळ्यांना बांधणारा आरपार दगड उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर टाकला असता तर पोट सुटले नसते. याला पैसे लागत नाहीत. दगड निवडून लावणारा मिस्त्री लागतो. छताचा भार भक्कम लाकडी खांबांवर होता, तिथे भिंत पडूनही छत बऱ्याच ठिकाणी उभे राहिले.

आपल्याकडे बुलढाणा-अकोल्याकडची पांढऱ्या मातीची धाब्याची घरे याच जातीची आहेत. उलट गडचिरोली-चंद्रपूरकडचे कुडाच्या भिंतींचे हलके घर हलते, वाकते, पण माणसाला सहसा दाबून मारत नाही. त्याला आपण 'कच्चे' म्हणतो, आणि त्या जागी पट्टी नसलेले विटांचे घर उभे करून त्याला 'पक्के' म्हणतो. हा शब्दच फसवा आहे. ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगूचा ५.३ चा धक्का गडचिरोली-चंद्रपुरात जाणवला. मेळघाटात साद्राबाडीला २०१८ च्या पावसाळ्यात हादऱ्यांच्या भीतीने लोक घराबाहेर झोपत होते.

घरकुलाचे किमान माप २५ चौरस मीटर, केंद्र आणि राज्याची मिळून मूळ मदत सपाट भागात १ लाख २० हजार. एवढ्यात काय होणार, असे वाटते. लिंटलच्या, म्हणजे दारा-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या, पातळीवर चारही भिंतींवरून आणि मधल्या भिंतीवरूनही न तुटता जाणारी तीन इंच जाडीची पट्टी टाका. त्यात ८ मिलिमीटरच्या दोन सळया आणि दर सहा इंचांवर ६ मिलिमीटरची आडवी जोड. एवढ्या घराला मिळून साधारण तीस किलो सळई आणि चार पोती सिमेंट लागते. प्रत्यक्षात काय होते? लिंटल फक्त दारा-खिडकीवर टाकतात, दोन्ही बाजूंना सहा इंच टेकवून संपवतात. मग प्रत्येक भिंत एकटी पडते आणि कोपरा उभा चिरतो. सळई कोपऱ्यावर तोडू नका. वाकवून पुढच्या भिंतीत किमान दोन फूट न्या. दार-खिडकीही कोपऱ्यापासून दोन फूट लांब ठेवा.

दुसरे म्हणजे पाणी, आणि हे खास आपल्या भागाचे दुखणे आहे. काँक्रीट कालवताना एका पोत्याला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी पुरते, पण माल सरसर सरकावा म्हणून पाइप धरतात आणि ताकद तिथेच जाते. नंतर तराईला, म्हणजे काँक्रीट ओले ठेवायला, मात्र पाणी नसते. कामे एप्रिल-मेमध्ये, पारा पंचेचाळीसवर, टँकरच्या पाण्यावर माणसे आणि जनावरे आधी. सिमेंटला सात ते दहा दिवस ओल हवी, ती दोन दिवस मिळते. बारदाना ओला करून अंथरला आणि सकाळ-संध्याकाळ शिंपडले तरी थोड्या पाण्यात निभते. शक्य असेल तर पट्टीचे आणि स्लॅबचे काम दिवाळीनंतर काढा.

हप्त्यासाठी टप्प्याटप्प्याचे फोटो चढवावे लागतातच. त्या फोटोत भिंत किती उंच गेली ते दिसते, आत सळई आहे की नाही ते दिसत नाही. लिंटलचा फोटो काँक्रीट पडण्याआधी घ्यावा, चारही कोपऱ्यांचा, वळलेली सळई दिसेल असा. हे ग्रामसभेत ठराव करून मागता येते, आणि पंचायतीला त्यासाठी एक रुपया लागत नाही.