आधी केस की आधी कादंबरी?

वादाला तोंड फोडलं मंदारने. खऱ्या खुनावर बेतलेली कादंबरी उघडायच्या आधी खरी केस वाचून घ्यायची, नाहीतर लेखक आपल्याला अलगद गुंडाळतो, असं त्याचं म्हणणं.

"मग कादंबरी कशाला वाचतोस? निकालपत्रच वाच की," शुभा म्हणाली.

मंदारने लगेच 'इन कोल्ड ब्लड' पुढे केलं. नोव्हेंबर 1959, कॅन्ससमधलं होल्कम्ब, एकाच कुटुंबातले चौघे ठार. एप्रिल 1965 मध्ये दोघे फासावर गेले आणि त्याच वर्षी ट्रुमन कपोटीचा मजकूर 'न्यूयॉर्कर'मध्ये चार भागांत आला. "शब्दन् शब्द खरा, हा त्याचा दावा. आणि शेवटचा स्मशानातला प्रसंग, तपास अधिकारी आणि मेलेल्या मुलीची मैत्रीण भेटतात तो? घडलाच नव्हता. इतका वेळ विश्वास ठेवून वाचलं आणि शेवटच्या पानांवर आपला मामा झाला!"

"तो सांधा केस न वाचताही सापडतो," शुभा म्हणाली. "प्रत्येक प्रसंगाला एकच विचारायचं, हे पाहिलं कोणी? साक्षीदार आहे, आरोपीची कबुली आहे, की तिथे असलेले सगळेच मेलेत? तिसरं उत्तर आलं की ती जागा लेखकाने भरलेली. आणि कबुली म्हणजेही सत्य नव्हे. होल्कम्बच्या दोघांतला एक आधी म्हणाला, पुरुष मी मारले, बायका त्याने. पुढे म्हणाला, चौघेही मीच. दुसरा सगळं पहिल्यावर ढकलत राहिला. कपोटीने हा घोळ पुस्तकात तसाच ठेवलाय, त्याचे गुण तिथे द्यायला हवेत."

नाना तोवर गप्प होते. (नाना गप्प असले की पुढच्याने जपून बोलावं.) "मंदार, न सुटलेल्या खुनाचं काय करशील? लॉस एंजेलिस, जानेवारी 1947, 'ब्लॅक डेलिया' प्रकरण. ते आजही उलगडलेलं नाही. जेम्स एलरॉयच्या 1987 च्या कादंबरीत मात्र खुनी सापडतो. तू केस आधी वाचलीस, कादंबरी नंतर. चार महिन्यांनी कोणी विचारलं तर तोंडात कोण येईल? कादंबरीतला खुनी. फायलीत तारखा असतात, कादंबरीत चेहरे असतात. शेवटी वाचलेलं आणि ठसठशीत असलेलं तेच डोक्यात राहतं."

"म्हणजे केस नंतर?"

"नंतर, आणि मध्ये आठवडाभर जाऊ दे. कादंबरी संपल्या संपल्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिही, यातलं खरंच घडलं असं तुला काय काय वाटतं. दहा ओळी पुरेत. मग केस वाच आणि एकेक ओळ खोड. लिहिल्याशिवाय गेलास तर मन लबाडी करतं, 'हे मला आधीच ठाऊक होतं' म्हणतं."

मंदार अर्धवट पटल्यासारखा हसला, पण पुढचं हत्यार तयार होतं. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये एकामागोमाग झालेल्या बायकांच्या खुनांची पार्श्वभूमी असलेल्या डेव्हिड पीसच्या चार कादंबऱ्या, 1999 ते 2002. त्यांत पोलीस आतून सडलेले. "खऱ्या तपासात काय झालं? जबाब कागदी कार्डांवर. कार्डांचे ढीग, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. पुढे जो गुन्हेगार ठरला त्याला पोलीस नऊ वेळा भेटून आले होते! वर 1979 मध्ये 'खुनी मीच' म्हणणाऱ्या कुणा भामट्याची ध्वनिफीत आली. तपास त्याच्या बोलीमागे भलत्या गावाकडे धावला आणि त्यानंतर आणखी तीन बायका मारल्या गेल्या. खुनी जानेवारी 1981 मध्ये पकडला गेला. तो भामटा 2005 मध्ये, पाकिटावरच्या डीएनएमुळे. कादंबरीला कट लागतो. इथे माणसं मेली ती कार्डं नीट लावली नाहीत म्हणून. हे केस वाचल्याशिवाय कळेल?"

याला उत्तर नव्हतं. शुभाने विषय मृतदेहाकडे नेला. तिची कसोटी सोपी आहे. मेलेलं माणूस किती पानं जिवंत होतं ते मोजायचं. कपोटीने त्या कुटुंबाचा शेवटचा दिवस सविस्तर दिलाय, त्यांची कामं, फोन, बोलणी. जिथे पहिल्याच पानावर प्रेत आणि पुढे फक्त जखमा, ते पुस्तक ती खाली ठेवते. "आणि 'मृत्यू रात्री 11:40 वाजता' असं शवविच्छेदनाच्या तोंडी घातलं असेल तर लेखकाने एकही अहवाल पाहिलेला नाही. ताठरपणा आधी जबड्यात-मानेत, मग साधारण 12 तासांत अंगभर. उकाड्यात लवकर, थंडीत उशिरा. नुसत्या प्रेतावरून 'अमुक ते अमुकच्या दरम्यान' एवढंच सांगता येतं."

"बरं, निदान लेखकाची टीप तरी आधी वाचू?" मंदार.

नाना हसले. "एडगर ॲलन पो या अमेरिकन लेखकाची वाच. न्यूयॉर्कमध्ये सिगारच्या दुकानात काम करणारी एक तरुणी जुलै 1841 मध्ये हडसन नदीत मृत सापडली. पोने ते सगळं पॅरिसला नेलं, हडसनची सेन केली आणि गोष्ट तीन हप्त्यांत मासिकात छापायला दिली. हप्ते चालू असतानाच, नोव्हेंबर 1842 मध्ये, मरणपंथाला लागलेल्या एका खाणावळवालीच्या जबाबाची बातमी आली. खून नव्हे, फसलेला गर्भपात, असा तिचा रोख. तिसरा हप्ता लांबला, फेब्रुवारी 1843 मध्ये आला. 1845 च्या पुस्तकात पोने मजकुरात डझनभर तरी बारीक बदल केले, त्या शक्यतेला जागा करून दिली. आणि वर टीप घातली, की पुढे मिळालेल्या जबाबांनी माझे सगळे मुख्य तर्क खरे ठरवले."

"म्हणजे मासिकातली जुनी प्रत काढायला हवी."

"दोन्ही काढ," शुभा म्हणाली. "आणि टिपेलाही विचार, कोणी पाहिलं?"