फौजीचा पत्ता अन् गावाची हौस

राजेहो, आज सकाळी गावच्या ग्रुपवर कोणीतरी आपल्या एका जवानाचा फोटो टाकला. खाली युनिटचं नाव, चौकीचं नाव, अन् वरून "आपला वाघ". काहून टाकता बावा? जवान कुठं आहे हे जगाला सांगायचं असतं का?

फौजीच्या पत्त्यात असतं काय? आर्मी नंबर, रँक, नाव, कंपनी, युनिट, मार्फत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस), अन् ९ नं सुरू होणारा पिनकोड. बस. गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. ५६ ची टपाल दिल्लीला जाते, ९९ ची कोलकात्याला. युनिट सध्या कुठं आहे ते पाहून तिथून पुढं. ठिकाण गुप्त राहावं म्हणून एवढी यंत्रणा. तिचं ट्रेनिंग सेंटर आपल्याच कामठीत आहे, अन् आपल्यालाच पत्ता नाही!

आमच्या गल्लीतल्या काकूंनी मागं पोराला डबा पाठवला. भाच्यानं हुशारी करून पत्त्यात 'श्रीनगर' घातलं, तिथलाच पिन टाकला. पार्सल साध्या टपालात गेलं, तिथल्या पोस्टात युनिट कोण ओळखणार? फिरून परत आलं. लाडवांना बुरशी. नारळ ओला होता ना! दूर जाणाऱ्या लाडवात पाण्याचा, दुधाचा हात नको. जवसाची कोरडी चटणी टिकते. शेव खवट होते, ठेच्याचं तेल गळून पत्ताच पुसून टाकते. डबा कापडात शिवा, पत्ता पक्क्या शाईनं लिहा, तोच कागदावर लिहून डब्यातही टाका. लायटर, अत्तर, पॉवरबँक नको, विमानाच्या टपालात चालत नाहीत.

मान्य, आता व्हिडिओ कॉल आहेत. पण तणाव वाढला की फोन बंद, मग काकू रात्र-रात्र उशाशी मोबाइल घेऊन. अन् सकाळी नळावर बाया विचारतात, "कुठं हाय पोरगं?" काकू म्हणतात, "ड्युटीवर." एवढंच! काकूंना कळते ते ग्रुपवाल्यांना कळू नये?

वरच्या बर्फातल्या चौक्यांवर बर्फ वितळवून पाणी करतात. रॉकेलची बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, नीट साफ केली नाही तर काजळी धरते, अन् बंद बंकरात रात्री चालू राहिली तर जीवच घेते. अशा जागी पोरगं पत्र वाचतं. काकू प्रत्येक पत्रावर तारीख अन् नंबर टाकतात, कारण तीन-तीन पत्रं एकदम पोचतात, तीही उलटसुलट. आत काय, तर सोयाबीनचा भाव, विहिरीचं पाणी, गाय व्याली. बापाची शुगर वाढली तर तेही लिहितात, सोबत कोणती गोळी सुरू केली तेही. हे बरोबर आहे. लपवलेलं आजारपण दुसऱ्याच्या तोंडून कळलं की पोरगं तिथं नुसतं तळमळतं, सुट्टी काही मागितली की मिळत नाही.

अन् हो, फराळ पाठवणाऱ्यांनो, दसऱ्याच्या आधीच पोस्टात टाका. बर्फ सुरू झाला की वरच्या चौक्यांची टपाल हेलिकॉप्टरच्या भरवशावर, अन् त्यात पहिला नंबर रेशन-औषधाचा, तुमच्या चकल्यांचा नाही.